किमान एक

५ जानेवारी, सोमवार

आज मालकांनी माझ्या टेबलावर एक बाड आदळलं. 'सिद्धता: वाचायची कशी, लिहायची कशी'. लेखिका म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेल्या गणिताच्या प्राध्यापक. आमच्या प्रकाशनात सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली आणतात. गणिताची पुस्तकं बघणारा आमचा माणूस पाठ धरून घरी पडलाय, म्हणून हे माझ्या गळ्यात.

मालक म्हणाले, "तुम्ही फक्त भाषा बघा. गणिताला हात लावू नका."

मी म्हटलं, "भाषा सुधारली की गणित लाजेने सुधारतं."

भाषा भयंकर आहे. एका पानावर 'समजा' सहा वेळा! शिकलेल्या माणसाकडे शब्दांचं इतकं दारिद्र्य? मी पहिला 'समजा' ठेवला, दुसऱ्याचं 'कल्पना करा' केलं, तिसऱ्याचं 'क्षणभर मानू या', आणि उरलेले तिन्ही उडवले. 'म्हणून' तर ओळीओळीला. तिथे 'साहजिकच', 'ओघानेच', 'आणि काय आश्चर्य' अशी पेरणी केली. एका वाक्यात 'क्ष' चार वेळा आला होता. पहिल्यांदा 'क्ष' राहू दिला, मग 'सदर संख्या', मग 'तीच ती', आणि शेवटी 'आपली नायिका'. 'जर आणि फक्त जर' मधलं 'आणि फक्त जर' कापलं. एकदा 'जर' म्हटलेलं ऐकू यायला वाचक काय बहिरा आहे? 'अशी किमान एक संख्या असते' यातला 'किमान' काढला. फाजील शब्द. एक म्हणजे एक.

दिवस सत्कारणी लागला.

संध्याकाळी चहा घेताना ही म्हणाली, "अहो, मला प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून बोलावलंय. धरणाच्या गावी. महिनाअखेरपर्यंत कळवायचंय." (ही पाणीपुरवठा खात्यात रसायनतज्ज्ञ आहे. दिवसभर बाटलीतलं पाणी उजेडात धरून बघते.) "समजा मी तिकडे गेले, तर..."

मी म्हटलं, "कृपा कर. आज 'समजा' वाचून वाचून डोळे आलेत."

ही हसली नाही. हिला अलीकडे विनोद कळेनासा झालाय.

८ जानेवारी, गुरुवार

बाई स्वतः ऑफिसात आल्या. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण मी बसलेला असल्यामुळे तो फायदा मला मिळाला नाही.

"ही नायिका कोण?" त्यांनी विचारलं.

"क्ष," मी म्हटलं.

"माझ्या पुस्तकात क्ष संख्या आहे. तिचं लग्नाचं वय झालेलं नाही." मग त्यांनी एकेक पान माझ्यापुढे ठेवलं. "आणि इथला 'किमान' काय खाल्लात?"

"एक म्हटल्यावर किमान कशाला?"

"एक म्हणजे एक, विषय संपला. किमान एक म्हणजे एक तर नक्की आहे, आणि आणखी कोणी यायचं असेल तर दार उघडं आहे. तुम्ही दार लावून घेतलंत, वर कडी घातलीत, आणि त्याला म्हणता शैली."

मालक मध्ये पडले. म्हणजे माझ्या बाजूने पडतील असं वाटलं होतं, पण ते पलीकडे पडले. ठरलं ते असं: बाईंच्या घरी मंगळवारी आणि शनिवारी शिकवणी असते, तिला मी जायचं. स्वतः सिद्धता लिहायला येईपर्यंत बाडाला हात लावायचा नाही. नाहीतर पुस्तक दुसरीकडे जाईल. "आणि तुम्ही..." एवढं बोलून मालकांनी वाक्य सोडून दिलं. अपूर्ण वाक्यं मला आवडत नाहीत. हे तर अजिबात आवडलं नाही.

घरी येऊन हिला सांगितलं. दोन शब्द सहानुभूतीचे मिळतील अशी अपेक्षा होती.

ही म्हणाली, "पाण्यात किमान किती क्लोरीन हवं, ते आमच्याकडे भिंतीवर लिहिलेलं असतं. तिथला 'किमान' तुम्ही कापलात तर गावाला जुलाब होतील."

बायकांची अशी एकजूट न भेटताच कशी होते, हा संशोधनाचा विषय आहे.

१० जानेवारी, शनिवार

शिकवणी बाईंच्या जेवणाच्या खोलीत भरते. भिंतीवर फळा आहे, त्यामुळे पाण्याच्या पेल्यांवर खडूची साय धरते. विद्यार्थी दोन. मी, आणि एक निवृत्त दंतवैद्य. ते हौसेने येतात. आयुष्यभर लोकांच्या तोंडात डोकावल्यावर माणसाला संख्या स्वच्छ वाटत असतील.

पहिला प्रश्न: दोन सम संख्यांची बेरीज सम असते, हे सिद्ध करा.

मी लिहिलं: २ आणि ४ मिळून ६. ४ आणि ८ मिळून १२. १० आणि २६ मिळून ३६. असं पानभर. शेवटी, 'आणि असेच पुढे. जिज्ञासूंनी पडताळून पाहावे.' अक्षर उत्तम होतं.

दातवाल्यांनी पान चष्म्याजवळ धरलं आणि शेवटच्या ओळीवर पेन्सिल टेकवली. "इथे पोकळी आहे."

बाई म्हणाल्या, "उदाहरणं देऊन सिद्धता होत नाही. हे सगळं तुम्ही बघितलेल्या संख्यांबद्दल झालं. न बघितलेल्यांचं काय?"

मी म्हटलं, "इतकी वर्षं कधी चुकलं नाही, म्हणजे पुढेही चुकणार नाही."

"असं कोण म्हणतं?"

"सगळे नवरे म्हणतात," दातवाले म्हणाले. ते विधुर आहेत, त्यांना बोलायला काय जातंय.

१३ जानेवारी, मंगळवार

आज अक्षरं वापरून लिहिलं. आधुनिक पद्धत. एक सम संख्या २म. दुसरी सम संख्या २म. बेरीज ४म. सम. खाली दोन रेघा मारल्या.

बाईंनी चष्मा काढला. चष्मा काढला की त्या जास्त बघतात. "दुसरीलाही म?"

"दोन्ही समच की."

"सम आहेत, एक नाहीत. तुम्ही एका संख्येची तिच्याशीच बेरीज केलीत. दुसरी संख्या बिचारी दाराबाहेरच राहिली. तिला तिचं अक्षर द्या. न म्हणा. दोघींना एकच अक्षर दिलंत, की तुम्ही आपोआप धरून चालता की एकीचं तेच दुसरीचं."

एवढ्याशा अक्षरावरून एवढं बोलणं! गणितात माणसं फार हळवी असतात.

घरी आलो तर हिच्या साहेबांचा फोन वाजत होता. ही आंघोळीला गेली होती, म्हणून मीच घेतला. ते म्हणाले, धरणाच्या जागेबद्दल काही ठरलं का? मी म्हटलं, "छे हो, आम्हाला इथेच बरं आहे."

ही टॉवेल गुंडाळलेल्या डोक्याने बाहेर आली. "कोण आम्ही?"

"आम्ही म्हणजे आपण."

"आपण म्हणजे?"

"तू आणि मी."

"त्यातली मी काय म्हणाले?"

प्रश्न व्याकरणाचा होता, म्हणून मी नीट समजावून सांगितलं. 'आम्ही'त ऐकणारा धरत नाहीत, 'आपण'मध्ये धरतात. साहेब ऐकणारे, ते आपल्या घरात राहत नाहीत, म्हणून 'आम्ही'च बरोबर. हिने शांतपणे ऐकून घेतलं. मग फोन घेऊन गच्चीत गेली आणि दार ओढून घेतलं. बहुधा साहेबांना माझा निरोप आणखी स्पष्ट करून सांगत असावी.

१६ जानेवारी, शुक्रवार

विशेष काही नाही. हिने जाड तळाचे बूट आणले. म्हणाली, धरणाच्या भिंतीवर चालायला बरे. मी म्हटलं, "इथे धरण कुठे आहे?" म्हणाली, "तेच तर." मग बूट घालून स्वयंपाकघरात फेऱ्या मारल्या. पाय दुखतात वाटतं.

२० जानेवारी, मंगळवार

आजचा धडा मात्र फार उपयोगी होता. 'जर अ, तर ब' हे खरं असलं, तरी 'जर ब, तर अ' हे खरं असेलच असं नाही. शिकलो आणि त्याच दिवशी घरात वापरलं. विद्या अशी हवी.

आमच्याकडे नियम आहे, ही रागावली की भांडी वाजतात. घरी शिरलो तर स्वयंपाकघरात भांड्यांचा नुसता खणखणाट. जुना मी असतो तर लगेच म्हटलं असतं, ही रागावलीय, आणि पेपर घेऊन संडासात जाऊन बसलो असतो. नवा मी दारात उभा राहून विचार करू लागलो. राग असेल तर भांडी वाजतात. पण भांडी वाजतात म्हणून राग असेलच असं नाही. भांडी वाजायला दुसरी कारणंही असू शकतील.

डोकावून पाहिलं. ही फडताळातून भांडी काढून दोन ढीग करत होती. एक मोठा, एक लहान. लहान ढिगात एक पातेलं, एक कढई, एक ताट, एक वाटी. चेहरा शांत. मुळीच रागावलेली नव्हती! माझा निष्कर्ष अचूक निघाला. दुसरं कारण कोणतं, ते विचारायची गरजच उरली नाही.

बाईंना सांगितलं तर त्या खूश होतील.

२४ जानेवारी, शनिवार

बाई खूश झाल्या नाहीत. त्यांनी नुसतं विचारलं, "लहान ढीग कशाला होता?" मी म्हटलं, ते या धड्यात येत नाही.

आज उलट्या बाजूने सिद्धता. जे सिद्ध करायचं त्याच्या विरुद्ध समजायचं, आणि त्यातून विसंगती निघते हे दाखवायचं. बाईंनी लिहिलं: सर्वांत मोठी संख्या नसते. सिद्धता: समजा, आहे. तिच्यात एक मिळवा. ती आणखी मोठी झाली. विसंगती. म्हणून नाही.

मी म्हटलं, "जे खोटंच आहे ते समजायचं कशाला? सरळ नाही म्हणून मोकळं व्हावं."

बाई म्हणाल्या, "तुमची खोड हीच आहे. 'समजा' हा शब्द दिसला की तुम्ही पुढचं वाचत नाही. समजा म्हटलं की पाहुण्याला घरात घ्यायचं असतं. त्याचं शेवटपर्यंत ऐकायचं असतं. त्यातून काय निघतं ते मग बघायचं. तुम्ही दारातूनच त्याला चहा नको म्हणून परत पाठवता."

मग म्हणाल्या, स्वतःच्या मनाचं एक विधान घ्या आणि याच रीतीने सिद्ध करा. संख्याच हव्यात असं नाही. मला विषय शोधावा लागला नाही. हिचं ते धरणाचं अजून मधूनमधून चालूच असतं. 'समजा मी गेले तर पेपरवाल्याला तुम्ही सांगाल का', 'समजा मी गेले तर गच्चीतल्या झाडांचं बघाल ना'. एकदाचा निकाल लावावा म्हणून लिहिलं:

साध्य: ही जाणार नाही.
सिद्धता: समजा, ही गेली. मग डबा कोण भरणार? इस्त्री कोण करणार? माझी औषधं कुठे आहेत ते कोणाला माहीत? पण ही सर्व कामे रोज होत असतात. विसंगती. म्हणून ही जाणार नाही.

दातवाल्यांनी वाचलं. 'पोकळी आहे' म्हणाले नाहीत. कागद बाईंकडे सरकवला आणि खिडकीबाहेर बघू लागले.

बाई बराच वेळ वाचत होत्या. चार ओळींना तेवढा वेळ लागत नाही. मग म्हणाल्या, "ही विसंगती नाही. ही गैरसोय आहे. ती गेल्यावर तुमची गैरसोय होईल, एवढंच यातून निघतं. गैरसोय झाली म्हणून कुठलीही गोष्ट अशक्य होत नाही."

आणि समासात लाल पेन्सिलीने लिहिलं: 'साध्यच गृहीत धरले आहे.'

धरले आहे. आता त्यात रागावण्यासारखं काय आहे?

२८ जानेवारी, बुधवार

घराला भाषेची गोडी लागली! ही आज सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसली होती. साखर, चहा, डाळ. मला भरून आलं. फक्त शुद्धलेखनाची बोंब. 'मिठ' लिहिलंय, 'तांदुळ' लिहिलंय. मी खिशातला लाल पेन काढून 'मीठ' केलं, 'तांदूळ' केलं. हिने बघितलं आणि म्हणाली, "चला, निदान कुठे काय आहे ते तरी वाचलंत."

मग कपडे धुवायच्या यंत्राची बटणं दाखवली. माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतली. अंडं उकडायला लावलं. अंडं फुटलं, पण ही चिडली नाही. इतकी प्रेमळ तर लग्नाच्या वेळीही नव्हती. मी गणित शिकतोय याचा अभिमान वाटत असावा.

१ फेब्रुवारी, रविवार

ही जाणार आहे.

पुढच्या रविवारी सकाळी गाडी येणार आहे. होकार केव्हाच लेखी कळवलाय. सकाळी मी अंडं सोलत असताना ही म्हणाली, अगदी साध्या आवाजात, दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त सांगा असं म्हणावं तशी.

मी म्हटलं, "पण तू तर फक्त 'समजा' म्हणाली होतीस!"

"म्हणालेच होते. महिनाभर म्हणतेय. समजा. अहो, समजा! तुम्ही समजलात कुठे?"

अंडं हातातच होतं. अर्धं सोललेलं.

"मला विचारलंही नाहीस," मी म्हटलं. हे वाक्य तोंडातून निघाल्यावर माझ्याच कानाला विचित्र लागलं.

"पहिल्या दिवशी चहाला बसल्यावर विचारत होते. 'तर'पर्यंत आले होते. 'तर'च्या पुढे तुम्ही कधी जाऊच दिलं नाही." ती ओट्याला टेकून उभी राहिली. "मला प्रमुख व्हायचंय हो. दुसऱ्यांच्या सहीखाली बाटल्या हलवून कंटाळले. यात तुमच्यावर राग नाही. असता तर भांडी वाजली असती."

मी म्हटलं, "वाजत होती."

"ती बांधत होते."

'समजा' या शब्दाला दोन अर्थ आहेत. गृहीत धरा, आणि समजून घ्या. हे शाळेतल्या पोराला माहीत असतं. मी भाषा सुधारायचा पगार घेतो.

३ फेब्रुवारी, मंगळवार

शिकवणीला जायचं नव्हतं, पण घरात बसलो की खोकी दिसतात.

बाईंनी काही विचारलं नाही. फळ्यावर पुन्हा तोच पहिला प्रश्न लिहिला. दोन सम संख्यांची बेरीज सम असते. मी खडू घेतला. समजा, एक संख्या २म. समजा, दुसरी संख्या २न. इथे जरा थांबलो. म कोण ते मला ठाऊक आहे, न कोण ते ठाऊक नाही. तो म इतका असेल, नसेल, त्याच्या मनात काय असेल ते मी धरून चालायचं नाही. म्हणून बेरीज २म आणि २न, म्हणजे २ गुणिले (म + न). म्हणून सम. 'म्हणून' दोनदा आलं. दोन्ही ठेवले.

बाई म्हणाल्या, "बरोबर." एवढंच. मला वाटलं होतं हा शब्द मिळाला की ऑफिसात पेढे वाटीन.

जिना उतरताना दातवाले बरोबर होते. म्हणाले, "दुखतंय का?"

मी म्हटलं, "हो."

"बरं लक्षण आहे. मेलेला दात दुखत नाही."

७ फेब्रुवारी, शनिवार

बाड परत माझ्या टेबलावर आलं. बाईंचे सगळे 'समजा' मी आपल्या हाताने जागच्या जागी बसवले. सहाच्या सहा. 'आपली नायिका'ची क्ष केली. 'किमान' परत आणला. मालकांना म्हटलं, अर्धा दिवस सुटी हवी. ते म्हणाले, "कशासाठी?" मी म्हटलं, "एक प्रश्न विचारायचाय." त्यांना वाटलं बाईंना.

घरी ही शेवटचं खोकं बांधत होती. सुतळीचं टोक दातात. मी जमिनीवर बसलो आणि गाठीवर बोट धरलं. मनात तीन वाक्यं जुळवली. तिन्ही 'आपण'ने सुरू होत होती. तिन्ही खोडली.

"तिकडे राहणार कुठे?" मी विचारलं. महिना झाला या गोष्टीला, आणि हे विचारायचं राहिलंच होतं.

"प्रयोगशाळेच्या मागे खोली देतायत. चांगली आहे. पलीकडे पाणी दिसतं."

"केवढी?"

"एका माणसासाठी."

खोक्यावरही हिने तसंच लिहिलं होतं, गाडीवाल्याला सामान कळावं म्हणून. 'भांडी, एका माणसाची.'

मी म्हटलं, "हे जे एक आहे... ते फक्त एक, की..."

पुढचा शब्द काही निघेना. महिन्यापूर्वी किती सहज कापला होता.

हिने सुतळी दातातून काढली. माझ्याकडे बघितलं. बाटलीतलं पाणी उजेडात धरून बघते तसं बघितलं, गाळ आहे का, किती आहे, बसेल का. मग विचारलं, "पुस्तक कधी संपतंय?"

"महिनाअखेर. समजा."

"कुठलं समजा?"

"दोन्ही."

"आणि नंतर?"

"नंतरची पुस्तकं टपालाने येऊ शकतात. मालक कुरकुर करतील. पण ती गैरसोय झाली. विसंगती नाही."

ही हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, आणि माझ्या विनोदाला हसली की मला, ते मी धरून चाललो नाही. म्हणाली, "आलात तर इस्त्री तुमची तुम्ही करायची. आणि माझ्या साहेबांचा फोन उचलायचा नाही. आता मीच साहेब आहे."

मी मान हलवली.

मग हिने माझ्या खिशातला लाल पेन उचलला, खोक्यावर वाकली, आणि 'एका माणसाची'च्या आधी, राहिलेला शब्द घालायची काकपदाची खूण करून, एक शब्द घुसवला.

'कीमान'.

पहिलं अक्षर दीर्घ काढलं होतं. पेन माझ्या हातात परत दिला आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवला.